पडद्यावरची बुधरी

बुधरी आमच्या घरी येऊ लागली तेव्हा माझी वच्छला आठ वर्षांची होती. यांची बदली मुलचेऱ्याकडच्या रानात, जंगलखात्याच्या रेंज ऑफिसात कारकून म्हणून झाली होती. तेव्हापासून बारा वर्षे आम्ही तिथून हललेलो नाही, कारण त्या जागेवर यायला दुसरे कोणी तयार नव्हते. क्वार्टर म्हणजे दोन खोल्या, कौलांवर माकडे, आणि पाणी अर्ध्या मैलावरच्या नाल्यात. मी नागपूरला बी. ए. झालेली. पहिल्याच आठवड्यात माझ्या हातून दोन घागरी फुटल्या. तिसरी घेऊन चढ चढत होते तेव्हा वाटेत एक बाई उभी होती. तिने घागर माझ्या डोक्यावरून उचलून आपल्या डोक्यावर घेतली आणि म्हणाली, "तुमच्यानं नाई होत हे, बाई. चाला माझ्या मागं मागं."

मी मागे मागे चालले. तिचा डावा पाय टाचेवर आधी टेकायचा, मग थोडा बाहेर वळायचा, आणि मग पाऊल पडायचे. डोक्यावरची घागर मात्र हलत नव्हती. मोहाच्या झाडाखालची जागा साफ करायला तिकडे पाचोळा पेटवतात. पाच वर्षांची असताना त्या विस्तवात तिचा पाय पडला होता, हे मला नंतर कळले.

बुधरी जवळच्याच टोल्यातली, म्हणजे पाड्यातली, गोंडीण. वय तिला माहीत नव्हते, पण पन्नाशीकडे झुकलेली असावी. नवरा लाकडाच्या गाड्यांवर होता, ओंडक्याखाली गेला. दोन मुले झाली होती, दोन्ही राहिली नाहीत. मग ती माहेरच्या टोल्यात परत आली. तिथे तिच्या रक्ताचे कोणी उरले नव्हते, पण टोला होता. मोह वेचायला तिच्या बापाची दोन झाडे तिच्याच नावाने राखलेली होती. सणाला पंगतीत तिची जागा ठरलेली होती. मी एकदा म्हटले होते, "बुधरी, एकटी कशी राहतेस गं?" तिला प्रश्नच कळला नाही. "एकटी कुठी? टोला आहे ना."

त्याच वर्षी पावसाळ्यानंतर वच्छलेला हिवताप आला. क्विनीन संपले होते, डॉक्टर तीस मैलांवर. नऊ दिवस बुधरी तिच्या उशाशी बसून होती. पोरगी झोपेना, तेव्हा ती तिला गोष्टी सांगायची. आपसांत ते लोक गोंडी बोलतात, पण आमच्याशी बोलताना तिची झाडीकडची मराठी असे. एका दुपारी मी चुलीपाशी होते आणि आतून ऐकू येत होते.

"मी तुझ्याएवढीच होती. भूक लागली. आंबा दिसला. पंडुम झाला नव्हता अजून. मी इकडं पाह्यलं, तिकडं पाह्यलं, अन् मारला दगड. खाल्ला. कोय मातीत गाडली. हसू नको! कोणाले सांगजो नको हो पोरी. आजपर्यंत कोणाले सांगितलं नाई मी."

पंडुम म्हणजे नव्या फळाचा सण. रानातल्या देवाला पहिला आंबा वाहिल्याशिवाय टोल्यातले कोणी नवा आंबा तोंडाला लावत नाही. मला ते तेव्हा नुकतेच कळू लागले होते. वच्छला तापात हसली, एवढ्यावरच माझा जीव भांड्यात पडला. त्या गोष्टीचा मी आणखी विचार केला नाही.

वच्छलेला चित्रांचा नाद लागला तो कोळशाने भिंती काळ्या करण्यापासून. मॅट्रिकनंतर तिने मुंबईला चित्रशाळेत जायचा हट्ट धरला. यांनी होकार दिला, मी दिला नाही, आणि ती गेली. एखाद्या आठवड्याला पत्र आले नाही की मी पोस्टाच्या धावकऱ्याची वाट बघत फाटकाशी उभी राहायची. काळजी करणे हे माझे दुसरे घरकाम होते.

शेवटच्या वर्षाला, म्हणजे अठ्ठावन्न साली, त्यांच्या एका नव्या मास्तरांनी हलती चित्रे शिकवायला घेतली. हातानेच चित्रे काढायची, एकेक चित्र थोडे थोडे बदलत न्यायचे, आणि सगळ्यांची फिल्म घ्यायची. वच्छलेने दीड मिनिटाची फिल्म केली. त्यासाठी हजारावर चित्रे. खालून दिवा लावलेल्या काचेवर कागद ठेवून रात्र रात्र काढलेली. दिवाळीत घरी आली तेव्हा तिचे डोळे लाल होते, आणि बोटाला पेन्सिलीचे घट्टे पडले होते.

चित्रांचा गठ्ठा तिने माझ्या पुढे ठेवला. एक लहान मुलगी रानातून चालत येते. आंब्याच्या झाडाखाली थांबते. इकडे पाहते, तिकडे पाहते. दगड मारते. आंबा खाते. कोय मातीत पुरते आणि निघून जाते.

मला ती दुपार आठवली. चुलीचा धूरसुद्धा आठवला. "कोणाले सांगजो नको" हेही आठवले. वच्छलेच्या लक्षात फक्त गोष्ट राहिली होती. आठ वर्षांच्या तापातल्या मुलीला शपथा कुठल्या आठवणार? पण मी बोलले नाही. मी तिच्या डोळ्यांकडे पाहत होते. आता हिला सांगितले तर ही पुन्हा पहिल्यापासून हजार चित्रे काढायला बसेल, एवढेच माझ्या मनात आले. म्हटले, मुंबईतल्या लोकांना काय कळणार आहे त्यातले? "छान आहे," म्हणाले, आणि तिला डोळ्यांत घालायला गुलाबपाणी दिले.

पण मास्तरांची एक अट होती. ज्यांचे चित्र काढले त्यांना ते दाखवायचे, आणि ते काय म्हणाले ते त्यांच्याच शब्दांत लिहून आणायचे. त्या अभिप्रायाला पंधरा गुण होते.

एप्रिलात वच्छला फिल्म घेऊन घरी आली, तेव्हा सरकारी सिनेमाची मोटार आमच्याकडे फिरतीवर आली. मोटारीवरचा झिंगू नावाचा माणूस यांच्या ओळखीचा होता. देवीची लस आणि सुधारलेले भातबियाणे या दोन फिल्मांच्या मधे पोरीची फिल्म लावायला तो तयार झाला. टोल्यातली सगळी माणसे अंधार पडायच्या आत ऑफिसच्या पटांगणात येऊन बसली होती. बुधरी अगदी पुढे. पडद्यावर काय येणार ते वच्छलेने तिला सांगितले नव्हते. "मजा येईल, आई," म्हणाली. तेव्हा तरी मी तोंड उघडायला हवे होते. मी सतरंजी नीट करत राहिले.

मुलगी पडद्यावर आली. डावी टाच टेकली, पाऊल बाहेर वळले. तिसऱ्या पावलाला टोल्यातला लच्छू ओरडला, "अबे, हे तं बुधरी होय!"

नुसता हल्लकल्लोळ झाला. बायका बुधरीच्या पाठीत थापा मारू लागल्या. "बुधरी, तिथीबी तू अन् इथीबी तू?" "फुकट चालून राह्यली का वो? सरकारले मजुरी माग!" बुधरी तोंडावर पदर धरून हसत होती. "मी असी चालते काय? माय वो, मी असी चालते?" त्या गडबडीत पुढचे कोणी पाहिलेच नाही. फिल्म संपली तरी हसणे चालू होते. लच्छू म्हणाला, "झिंगूभाऊ, अजून एक बार लावा जी!"

झिंगूने पुन्हा लावली.

या खेपेला ते पाहत होते. चालण्यापाशी थोडे हसले. मग मुलगी थांबली, तिने इकडे पाहिले, तिकडे पाहिले, आणि हसणे बंद पडले. तिने कोय पुरली तेव्हा यंत्राच्या खरखरीखेरीज आवाज नव्हता. वच्छला माझ्या कानात म्हणाली, "आई, बघ, कसे गुंगून गेलेत!"

दसरू उठला. तो टोल्याचा पेरमा, म्हणजे पुजारी, सणाला देवाला आंबा वाहणारा. त्याने बुधरीला गोंडीत काहीतरी विचारले. तिने एका शब्दात उत्तर दिले. मग सगळे उठले आणि बियाण्याची फिल्म न पाहताच गेले. मी लच्छूला थांबवून विचारले, "ती काय म्हणाली रे?"

"हो म्हणली," तो म्हणाला, आणि गेला.

दुसऱ्या दिवशी बुधरी आली नाही. पाणी मी आणले. वच्छला मात्र सकाळपासून लिहीत बसली होती. 'प्रेक्षकांनी पात्र केवळ चालीवरून ओळखले. दुसऱ्या वेळी ते पूर्णपणे तल्लीन झाले.' एवढे तिने मला वाचून दाखवले. मग मला सांगावेच लागले.

तिने पेन खाली ठेवले. "तुला आठवत होतं? दिवाळीत?"

"हो."

"मग बोलली का नाहीस?"

"तुझे डोळे दुखत होते."

कारण खरे होते, पण मोठ्याने बोलल्यावर ते फार लहान झाले.

दुपारी लच्छू आला. दारातच उभा राहिला, आत आला नाही. त्याने सांगितले ते असे. ज्या साली बुधरी एवढीशी होती, त्याच साली दसरूच्या बापाला वाघाने नेले. पंडुमाआधी कोणीतरी फळ खाल्ले म्हणूनच वाघ आला, असे तेव्हाच्या पेरम्याने सांगितले. एकेकाला झाडाखाली उभे करून विचारले. कोणी कबूल झाले नाही. दसरू तेव्हा कडेवरचा होता. पुढे तो स्वतः पेरमा झाला, पण ते कोण हे त्याला कधी कळले नाही. कालपर्यंत.

"आता काय होईल?" मी विचारले.

"पंडुमाच्या आदी गाव बसन. गावात घेतलं तं घेतलं. नाई घेतलं तं तिले कोणी विस्तव देणार नाई, पाणी देणार नाई. मेली तं उचलणार नाई." मग वच्छलेकडे न पाहता म्हणाला, "चाल मातर लई बेस काढली होती."

वच्छलेने त्या दिवशी जेवण केले नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. बुधरीला भेटायला गेली, तर तिच्या झोपडीपासून चार झाडांवरच तिला अडवले. मी यांना म्हटले, "तुम्ही जा, रेंज ऑफिसचे माणूस आहात, तुमचं ऐकतील." हे म्हणाले, "माझं ऐकतीलच, म्हणून मी जाणार नाही. भीतीनं घेतलं तर ते घेतलं म्हणायचं का?" आमच्या घरात शहाणपणाची गोष्ट नेहमी उशिरा निघते.

गाव बसले त्या सकाळी आम्ही दोघी गेलो. दसरू झाडाखाली बसून दोर वळत होता. माणसे अर्धगोल बसलेली. बुधरी मोकळ्या जागेत एकटी. इतक्या वर्षांत मी तिला पहिल्यांदा रिकाम्या हातांनी बसलेली पाहत होते.

मी हात जोडले. म्हटले, "दसरूभाऊ, चूक आमची आहे. ही लहान होती. जे काय द्यायचं ते आम्ही देतो."

"तुम्ही देऊन का होते, बाई? आंबा तुम्ही खाल्ला का?" त्याच्या आवाजात राग नव्हता, आणि मला तेच अवघड गेले. मग तो वच्छलेकडे वळला. "पोरी, तू काढलं ना हे? लच्छू म्हणते, हजार चित्रं काढली."

"हो, दादा."

"मंग तुले मालूम असन. आंबा आदी का वाघ आदी?"

वच्छलेला कळेना. तो पुन्हा म्हणाला, "हिनं आंबा खाल्ला, मंग वाघ आला? का माझा बाप गेला, मंग हिनं खाल्ला? मले तेवढंच पाह्यजे."

"मला नाही माहीत, दादा. मी आंब्याचंच काढलं."

"हजार चित्रं, अन् त्यात वाघ नाई?"

"नाही."

दसरूने दोर खाली ठेवला. "तू सांग, बुधरी."

बुधरीने खाली ठेवलेल्या दोराकडे पाहिले. मग म्हणाली, "आठवत नाई, भाऊ. लई वेळा आठवून पाह्यलं. कधी वाटते आदी, कधी वाटते मागून. वाघाचा हाका झाला ते आठवते. आंबा आंबट होता ते आठवते. दोन्ही एका जागी ठेवता येत नाई मले."

मागून एक बाई कळवळून म्हणाली, "मागून म्हण ना वो! सुटशीन!"

"म्हणलं असतं," बुधरी म्हणाली. "तुमाले पटन. पण मी घरी जाऊन कोणाले पटवू?"

सगळे दसरूकडे पाहत होते. तो उठला, झाडामागे गेला, पाणी प्यायला, परत येऊन बसला. मी मनात नागपूरच्या सगळ्या देवांना नवस बोलत होते. त्यांतला एकही तिथला नव्हता.

"कोंबडा अन् भात," तो शेवटी म्हणाला. "जे रीत आहे ते. पंडुमाच्या पंगतीत बसन, पण सर्व्यांच्या मागून. तिची झाडं तिचीच." माणसांत हालचाल झाली. कोणीतरी श्वास सोडला, तो बहुधा मीच. दसरूने हात वर केला. "अन् एक. ज्या घरानं गावची गोष्ट कापडावर टांगली, त्या घरी तिनं पाय ठेवायचा नाई. तिनं एक निवडावं."

बुधरीने आमच्याकडे पाहिले. वच्छलेकडे थोडे जास्त वेळ. "गाव," ती म्हणाली.

एवढे लवकर बोलली, याचे मला परतीच्या वाटेवर वाईट वाटले. घरी पोचेपर्यंत कळले की लवकर बोलली नसती तर तिला बोलताच आले नसते. मी तिच्या जागी असते तर तेच निवडले असते. तरी वाईट वाटायचे थांबले नाही.

पंडुम झाला. लच्छूने सांगितले, दसरूने सगळ्यांना आंब्याची फोड दिली आणि शेवटची बुधरीला. हातात दिली, खाली ठेवली नाही. तिने ती सगळ्यांसमोर खाल्ली.

वच्छलेने मुंबईला जाण्याआधी फिल्मचा आंब्याचा तुकडा कात्रीने कापला आणि चुलीत टाकला. भप्कन पेटेल म्हणून मी मागे सरले, तर तो नुसता आक्रसून काळा झाला. उरलेल्या फिल्ममध्ये एक मुलगी चालत येते आणि चालत जाते. अभिप्रायाच्या कागदावर मात्र तिने घडले ते सगळे लिहिले, दसरूच्या प्रश्नासकट. मास्तर त्याच महिन्यात शाळा सोडून गेले होते. दुसऱ्याच कोणी तपासले. शेरा आला, 'चाल उत्तम. कथानक नाही. अभिप्राय चित्रपटाशी जुळत नाही.' पंधरापैकी चार. ती पास झाली. जाहिरातीच्या कंपनीत लागली आहे. साबणाच्या वड्या काढते. पत्रे वेळेवर येतात आणि त्यांत काही नसते. ती बरी आहे असे लिहिते, म्हणून मला झोप येत नाही, आणि हे सगळे कोणाला सांगावे ते न कळून मी लिहायला बसते.

आमच्या घरी आता पाण्याला दुसरी बाई आहे. बुधरी मला मंगळवारच्या बाजारात दिसते. घरी यायचे नाही एवढेच ठरले होते, बाजाराचे कोणी बोलले नव्हते. पहिल्या दोन मंगळवारी मी दुरूनच पाहून परत आले. तिसऱ्या खेपेला तिच्या चारोळीच्या टोपलीपुढे जाऊन बसले आणि म्हटले, "दोन मापटी दे."

तिने मापटे भरायला घेतले. एरवी तिचा हात भराभर चालतो. त्या दिवशी चिमूट चिमूट टाकत होती.

"पोरगी का करून राह्यली?"

"साबणाची चित्रं काढते."

"साबन चालते काय?"

"नाही."

"मंग बरं आहे," ती म्हणाली. मापटे भरले होते. तिने त्यातली थोडी चारोळी टोपलीत परत ओतली, आणि पुन्हा भरू लागली. "जेवते ना नीट? बाई, तिले आपला भात धाडत जा इकडचा. तिकडच्या भातानं तिचं पोट भरत नसन."

"धाडते."

"अन् कागद आला तं मंगळवारी घेऊन येत जा. मले वाचून दाखवजा. इथीच."

पलीकडे दसरू मीठ घेत होता. त्याने आम्हाला पाहिले. मी उठू लागले. बुधरी मान वर न करता म्हणाली, "बसा ना, बाई. दुसरं मापटं भरायचं आहे अजून."